उजवीकडून ओढलेली रेघ

उजवा हात गेला त्याचं तपासनिसांना फारसं काही वाटलं नाही. सकाळी दात घासताना ब्रश बेसिनमध्ये पडला, तो उचलायला म्हणून त्यांनी हात पुढे केला आणि हात पुढे झालाच नाही, एवढीच ती हकीकत. बारा दिवस दवाखान्यात काढून ते घरी आले. वाकडं झालेलं तोंड सरळ झालं, पाय ओढत का होईना चालायला लागला, जीभ ताळ्यावर आली. हात मात्र रुसून बसला तो बसलाच. डॉक्टर टाचणी टोचून विचारत, ‘‘इथे कळतं? आणि इथे?’’ तपासनीस प्रामाणिकपणे ‘‘नाही’’ म्हणत. डॉक्टर हाताबद्दल विचारत होते. मनाबद्दल विचारलं असतं तरी उत्तर तेच आलं असतं.

त्यांचा पेशा हस्ताक्षरं तपासण्याचा. मृत्युपत्र खरं की बनावट, धमकीचं निनावी पत्र कुणी लिहिलं, सही मालकाची की दुसऱ्याच कुणाची, असले कागद कोर्टाकडून कार्यालयात यायचे आणि तिथे एकतीस वर्षं तपासनीस त्यांच्यावर भिंग धरून बसलेले असायचे. पाठीमागे सगळे त्यांना ‘भिंग’ म्हणत. हे त्यांना माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. गेल्याच वर्षी ते निवृत्त झाले. त्यांच्या खुर्चीवर आता त्यांनीच तयार केलेली शिष्या बसत होती. तिला किंवा कार्यालयात इतर कुणाला त्यांनी हाताचं कळू दिलं नव्हतं. ‘जरा अशक्तपणा आहे’ एवढाच निरोप गेला होता. जन्मभर लोकांच्या हातांवर मतं देणाऱ्या माणसाचा स्वतःचाच हात गेला, ही गंमत चहाच्या वेळी चघळायला त्यांना कुणाला द्यायची नव्हती.

बायको निवृत्त शिक्षिका. चोवीस वर्षं तिने पहिलीचा वर्ग सांभाळला होता आणि गल्लीत तिला मास्तरीणबाई याच नावाने ओळखत. नवरा घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी तिने दुकानातून दुरेघी वही आणली, जेवणाच्या टेबलावर उघडली आणि त्यांच्या डाव्या हातात बॉलपेन दिलं.

‘‘रोज एक पान,’’ ती म्हणाली. ‘‘रविवारची सुट्टी नाही.’’

‘‘आता लिहून काय करायचंय मला?’’

‘‘ते मी कुठल्याच पोराला सांगितलं नाही कधी. लिहा.’’

तपासनिसांनी लिहिलं. लिहायचं नाही म्हणायला जी इच्छा लागते तीही त्यांच्यात नव्हती. पहिल्या दिवशी ‘घर’ हा शब्द काढायला पाव तास गेला आणि तो शब्द पाहून मास्तरीणबाई म्हणाल्या, ‘‘छान. भूकंपानंतरचं दिसतंय.’’ कागद सरकायचा, कारण उजवा हात तो दाबून धरायला नव्हता. मग मास्तरीणबाईंनी स्वतःची दोन बोटं पानाच्या वरच्या कोपऱ्यावर ठेवली आणि तेव्हापासून तीच पद्धत पडली. सकाळचं आवरलं की एकाने लिहायचं आणि दुसरीने कोपरा धरून बसायचं. पान संपलं की लाल पेन्सिल यायची. एकतीस वर्षं भल्याभल्यांच्या अक्षरांना धाकात ठेवलेला माणूस ‘क’चा कान मोडला म्हणून बोलणी खायचा आणि निमूटपणे पुन्हा ‘क’ काढायचा.

असे सात आठवडे गेले. अक्षर वाचता येण्याजोगं झालं. मास्तरीणबाईंना आनंद झाला, त्यांनी शेजारणीला वही नेऊन दाखवली. तपासनिसांना आनंद झाला नाही की दुःखही नाही. पान भरायचं, जेवायचं, पडायचं. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसे, त्यावरून माणसं चढत-उतरत, ते पाहत राहायचं. कधीकधी ते डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवत आणि त्याच्याकडे बघत बसत. हा कुणाचा, असा प्रश्नसुद्धा पडत नसे.

आठव्या आठवड्यात मास्तरीणबाई म्हणाल्या, ‘‘अहो, आता ती रेघ तेवढी सुधारा.’’

‘‘कुठली रेघ?’’

‘‘डोक्यावरची. शिरोरेषा. उलटी ओढता तुम्ही. उजवीकडून डावीकडे.’’

‘‘काहीतरीच काय. मी सरळच ओढतो.’’

‘‘पहिल्या दिवसापासून बघतेय मी. इथेच तर बसलेली असते. म्हटलं, आपोआप जाईल.’’

‘‘अगं, हा माझा विषय आहे. मला कळणार नाही का, मी रेघ कुठून ओढतोय ते?’’

‘‘पहिलीतली पोरंही असंच म्हणतात,’’ असं म्हणून मास्तरीणबाई उठल्या आणि कपडे वाळत घालायला गेल्या.

बायकोला खोटं पाडायची संधी तपासनीस सहसा सोडत नसत. ती जुनी खोड तेवढी आजारातून वाचली होती. त्यांनी खणातून भिंग काढलं, टेबलावरचा दिवा लावला आणि स्वतःच्या पानावर वाकले. बॉलपेनची रेघ जिथे सुरू होते तिथे शाईचा बारीक ठिपका पडतो आणि जिथे संपते तिथे ती निमुळती होत जाते. हे त्यांनी कार्यालयात शिकायला येणाऱ्या शेकडो पोरांना शिकवलं होतं. ठिपका उजवीकडे होता. पुढच्या शब्दावरही उजवीकडे. त्यांनी कालचं पान पाहिलं, परवाचं पाहिलं, मग वहीचं पहिलं पान उघडलं आणि तिथून एकेक करत आजच्या पानापर्यंत आले. एकावन्न पानं. एकही रेघ सरळ नव्हती. आणि प्रत्येक रेघ ओढताना आपण ती सरळ ओढतोय असं त्यांना शपथेवर वाटत होतं.

त्यांनी भिंग खाली ठेवलं.

आता इथे तपासनिसांचा नियम सांगायला हवा, कारण त्या नियमामुळे एक बाई तुरुंगात बसली होती.

डाव्या हाताने लिहिलेला कागद आला की तो कुणाचा, हे ओळखण्यासाठी त्यांनी उमेदीच्या काळात दोन गठ्ठे जमवले होते. एक जन्मजात डावऱ्यांचा. ते शाळेत सरळ रेघ शिकलेले, त्यामुळे सरळच ओढत. दुसरा धडधाकट उजव्यांचा, ज्यांना मुद्दाम डाव्या हाताने लिहायला लावलं होतं. ते रेघ उलटी ओढत, कारण डाव्या हाताला तीच सोयीची. यावरून तपासनिसांनी नियम काढला की ज्याचा डावा हात खरोखर लिहिणारा आहे त्याची रेघ काही आठवड्यांत सरळ होते, आणि उलटी रेघ म्हणजे सोंग. हा नियम प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत गेला. दरवर्षी नव्या पोरांकडून पाठ करून घेतला गेला. म्हातारपणी उजवा हात गमावून डाव्याने नव्याने शिकणाऱ्या माणसांचा तिसरा गठ्ठा असू शकतो, हे ना त्यांना सुचलं ना कुणी विचारलं.

निवृत्तीच्या आधीच्या शेवटच्या कामांत एका वृद्ध घड्याळजींचा कागद आला होता. घड्याळजी एकटे राहत. त्यांचा उजवा हात गेला तेव्हापासून चार वर्षं एक सेविका त्यांचं सगळं करत होती. ते वारल्यावर तिने एक पत्र पुढे केलं. डाव्या हाताने लिहिलेलं, पाच ओळींचं. ‘माझ्यामागे हिने याच घरात राहावं. हिला कुणी काढू नये.’ पुतण्याने ते खोटं ठरवायला कोर्ट गाठलं. तपासनिसांनी भिंगाखाली पाहिलं तर प्रत्येक रेघ उलटी. त्यांनी मत दिलं की हे सोंगाचं अक्षर आहे, उजव्या हाताने लिहिणाऱ्या धडधाकट व्यक्तीने डाव्याने काढलेलं. कागदाच्या वरच्या कोपऱ्यावर सेविकेच्या दोन बोटांचे ठसेही सापडले. ते दुसऱ्या एका माणसाने शोधले होते, पण पुतण्याच्या वकिलाने दोन्ही गोष्टी एकमेकींना बांधून टाकल्या.

सेविका कोर्टात म्हणाली होती, ‘‘साहेब, मी फक्त कागद धरत होते. त्यांना दोन ओळी लिहायला सकाळ जायची.’’

वकिलाने तपासनिसांना विचारलं होतं, आजारी माणूस असं लिहू शकेल का? तपासनीस म्हणाले होते, ‘‘शिकला असता तर रेघ सरळ आली असती.’’ उत्तर ठणठणीत होतं, आणि ते देताना आपल्याला बरं वाटल्याचंही त्यांना आता आठवलं. तिला तीन वर्षांची शिक्षा झाली. त्यातलं सव्वा वर्ष भोगून झालं होतं.

मास्तरीणबाई रिकामी बादली घेऊन परत आल्या तेव्हा नवरा वहीवर हात ठेवून बसला होता.

‘‘काय झालं? चक्कर येतेय का?’’

त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना आवाज जराही हलला नाही. मास्तरीणबाई खुर्चीवर बसल्या. त्यांनी आपल्या दोन बोटांकडे पाहिलं आणि ती पदरात गुंडाळून घेतली.

‘‘मग आता?’’

‘‘मत दुरुस्त करून पाठवतो.’’

‘‘तुम्हाला काय वाटतंय हो?’’

तपासनिसांनी खरंच शोधून पाहिलं. वाईट वाटायला हवं होतं. झोप उडायला हवी होती, घास उतरायला नको होता. डॉक्टर टाचणी टोचतात तेव्हा कातडी दबलेली दिसते आणि आत काही पोचत नाही, तसंच होतं.

‘‘काही नाही,’’ ते म्हणाले.

‘‘मग कशाला पाठवताय?’’

‘‘चूक आहे म्हणून.’’

मास्तरीणबाईंना ते उत्तर पुरलं नाही, पण त्या उठून कोरे कागद घेऊन आल्या.

दुरुस्त मत तज्ज्ञाने स्वतःच्या हाताने लिहून सही करून द्यायचं, टाइप केलेलं चालायचं नाही, असा कार्यालयाचा दंडक होता. तोही यांचाच. कधीकाळी टाइप केलेल्या मतांची पानं बदलली गेली होती आणि तेव्हा यांनी हट्टाने तो करून घेतला होता. म्हणून पत्र डाव्या हाताने लिहिण्याला पर्याय नव्हता. दीड पान व्हायला नऊ दिवस लागले. त्यांनी त्यात नियम कसा चुकला ते लिहिलं, घड्याळजींचं पत्र त्यांच्याच हातचं असण्याची पूर्ण शक्यता आहे असं लिहिलं, आणि सही केली. हाताचं मात्र लिहिलं नाही. ‘अलीकडे हाती आलेल्या नमुन्यांवरून’ एवढंच लिहिलं. खरं बोलायला बसलेल्या माणसाने तेवढी एक फट ठेवलीच. मास्तरीणबाईंनी ती वाचताना पाहिली आणि पाकीट चिकटवलं. पत्र त्या स्वतः टाकून आल्या.

तीन आठवडे काहीच आलं नाही. वहीची पानं चालूच होती. रेघ सुधारायचा प्रयत्न त्यांनी करून पाहिला. लक्ष ठेवलं की सरळ यायची आणि लक्ष अक्षराकडे गेलं की पुन्हा उलटी.

मग एका दुपारी शिष्या आली. हातात फळांची पिशवी, काखेत फाइल, आणि चेहरा आनंदाने नुसता फुललेला. तपासनिसांनी तिला खिडकीतून खाली रस्त्यावर पाहिलं तेव्हाच उजवा हात उचलून स्वेटरच्या खिशात घातला होता.

‘‘काकू, सर बारीक झालेत हो,’’ ती म्हणाली. ‘‘सर, आधी शांतपणे ऐकून घ्या. घाबरायचं काही कारण नाही. तुमच्या नावाने कुणीतरी कार्यालयाला खोटं पत्र पाठवलंय.’’

मास्तरीणबाई पाण्याचा पेला घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या.

‘‘घड्याळजींच्या केसमधलं,’’ शिष्या सांगत होती. ‘‘तुम्ही म्हणे चुकलात, बाई म्हणे निर्दोष आहे. साहेब लोकांची पाचावर धारण बसली. म्हणाले, इतका मोठा माणूस असं लिहितोय म्हणजे काय! मी म्हटलं, थांबा, आधी मला बघू द्या. आणि सर, पाच मिनिटांत पकडलं. सगळी रेघ उजवीकडून डावीकडे. उजव्या माणसाने डाव्याने काढलेलं सोंग. तुमचाच नियम! तुम्हाला अडकवायला तुमचाच नियम मोडणारं पत्र लिहायचं आणि त्यातच सापडायचं, म्हणजे मूर्खपणाची कमाल आहे की नाही? त्या बाईचा भाऊ बाहेर आहे म्हणे, त्याचंच काम असणार.’’

तिने फाइल उघडली. वर तिचा अहवाल होता, सुबक, मुद्देसूद. त्यातली अर्धी वाक्यं तपासनिसांना पाठ होती, कारण ती त्यांचीच होती.

‘‘फक्त एक सही हवीये. हे पत्र माझं नाही, एवढं खाली लिहून द्या. मग आम्ही ते पोलिसांकडे देतो आणि विषय संपला.’’

तिने पेन काढून त्यांच्यासमोर ठेवलं, अर्थातच उजव्या बाजूला.

तपासनीस त्या पेनाकडे बघत राहिले. काहीच करायची गरज नव्हती. ‘अशक्तपणा आहे, उद्या देतो’ म्हटलं असतं तरी ती समजून निघून गेली असती. चूक आपसूक बुजत होती, आणि बुजवणारी आपल्याच हाताखाली तयार झालेली पोर होती. मास्तरीणबाई दारातून हलल्या नाहीत. त्यांनी वर्गात इतकी वर्षं पोरांना खरं बोलायला किंवा न बोलायला जेवढा वेळ दिला असेल, तेवढा नवऱ्यालाही दिला.

तपासनिसांनी डावा हात उजव्या खिशात घातला, उजवा हात मनगटाला धरून बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. तो ठेवल्याचा आवाज झाला. मग त्यांनी डाव्या हाताने पेन घेतलं.

‘‘सर?’’

‘‘कागद धर,’’ ते म्हणाले. ‘‘सरकतो.’’

शिष्येने कागद धरला. त्यांनी तिच्या अहवालाखाली लिहायला सुरुवात केली. ‘हे पत्र माझेच आहे.’ घड्याळाकडे कुणी पाहिलं नाही, पण पिशवीतलं एक सफरचंद घरंगळून टेबलाच्या कडेपर्यंत गेलं, मास्तरीणबाईंनी येऊन ते उचलून ठेवलं, तरी त्यांचं ‘माझेच’ संपलं नव्हतं. शब्द झाला की ते पेन उचलून त्याच्या उजव्या टोकाशी नेत आणि तिथून रेघ डावीकडे ओढत आणत. शिष्या ते पाहत होती. पहिल्या रेघेला तिचे ओठ हलले. दुसऱ्या रेघेनंतर चेहऱ्यावरचा सगळा आनंद उतरला.

‘‘कधी झालं हे?’’ तिने हळूच विचारलं.

‘‘चौदा आठवडे होतील.’’

मास्तरीणबाईंनी वही आणून दिली. शिष्येने भिंग मागितलं. ती खुर्ची ओढून बसली आणि पहिल्या पानापासून तपासायला लागली. सर समोर बसलेत म्हणून तिने एकही पान गाळलं नाही, गाळलं असतं तर तेच तिच्यावर रागावले असते. शेवटी तिने वही मिटली.

‘‘मी अहवाल मागे घेते. उद्याच नवा लिहिते. माझ्या हाताने,’’ ती म्हणाली. ‘‘तुमचं पत्र आधी मानलं असतं तर ती बाई एव्हाना...’’

‘‘हाताचं मी लिहायला हवं होतं. तुझा दोष नाही त्यात. लाज वाटली म्हणून लिहिलं नाही.’’

‘‘सर, तेवढंच नाहीये.’’ शिष्या कागदाकडे बघत बोलत होती. ‘‘तुम्ही गेल्यापासून मी हा नियम अकरा वेळा लावला. अकरा कागद खोटे ठरवले. त्यात आजारी माणसं किती होती, मी विचारलंच नाही. विचारायचं असतं, हे पुस्तिकेत नव्हतं ना.’’

तपासनीस इतके दिवस एका बाईचा विचार करत होते. तिचं काय करायचं ते त्यांनी ठरवलं होतं, केलंही होतं, आणि काही न वाटता केलं होतं. अकरा हिचे. त्याआधीचे त्यांचे स्वतःचे किती, ते त्यांना सांगता आलं नसतं. पुस्तिका घेऊन गावोगाव गेलेली पोरं तर वेगळीच. त्यांची कानशिलं गरम झाली. त्यांना इतकी लाज वाटली की समोरच्या पोरीकडे बघवेना. आजारपणानंतर पहिल्यांदा त्यांना काही वाटत होतं, आणि ते हे होतं.

त्यांनी कोरा कागद पुढे ओढला.

‘‘त्या अकरांतला पहिला कागद कुणाचा?’’

‘‘सर, मी लिहिते ना. तुम्ही सांगा नुसतं.’’

‘‘नाही. पहिला कुणाचा ते बोल.’’

‘‘एक शिवणकाम करणारी आजी होती,’’ शिष्या म्हणाली. ‘‘तिने सुनेच्या नावाने...’’ ती सांगत गेली. आजीचं सांगून झालं, मग एका ड्रायव्हरचं आलं, मग एका निवृत्त परिचारिकेचं, आणि बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की सर अजून आजीवरच आहेत. ती बोलायची थांबली. तिने कागदाचा कोपरा घट्ट दाबून धरला आणि ‘शिवणकाम’वरची रेघ पूर्ण होण्याची वाट बघत बसली.